एका प्रमाणपत्राचा हिशेब: घाटंजी तालुक्यातील एका मुलीचे प्रकरण

2024 च्या दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी आटोपत आलेली असताना, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एक शेतकरी आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक लहान अभ्यासिका चालवतो. कर्जाचा कागद कोणाला समजत नसेल तर तोही वाचून देतो. या दोघांनी आणलेले माहितीपत्रक, पावती आणि कर्जाचा अर्ज यांवर आम्ही पुढे तीन बैठका घेतल्या. कुटुंबाची परवानगी घेऊन, नावगाव न देता, ते सर्व येथे मांडत आहे, कारण असेच माहितीपत्रक घेऊन त्यानंतर आणखी चार घरे माझ्याकडे आली.

मुलीने तालुक्याच्या महाविद्यालयातून बी. ए. केले होते आणि ती एका सेतू केंद्रात महिना सहा हजार रुपयांवर काम करत होती. लहानपणापासून तिला पोलिसांत जायचे होते. नागपूरच्या एका खासगी संस्थेने तिला फोन करून गुन्हे तपास व फौजदारी न्याय या विषयातील अकरा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची माहिती दिली. शुल्क नव्वद हजार रुपये होते आणि जागा मर्यादित असल्याचे सांगितल्यामुळे मुलीने साठवलेल्या पैशांतून पाच हजार रुपये नोंदणीसाठी भरूनही टाकले होते. माहितीपत्रकात पोलीस दल, कारागृह, न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा, गुप्तहेर संस्था, बँकांचे दक्षता विभाग आणि कंपन्यांची सुरक्षा अशी सहा क्षेत्रे दिली होती, सुरुवातीचा पगार पंचवीस ते चाळीस हजार रुपये छापला होता आणि त्याखाली नोकरीची शंभर टक्के हमी होती.

वडिलांनी पहिल्याच बैठकीत आपली अडचण स्वच्छ शब्दांत सांगितली. ते म्हणाले, "भाऊ, पोरीचं भलं होत असन त काढू कर्ज. पण पाच हजार त भरलेच, आता मांगं काहून फिरावं?" या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले होते. शिक्षणासाठी कर्ज काढावे का, हा एक प्रश्न. आणि गेलेल्या पैशासाठी आणखी पैसे घालावेत का, हा दुसरा. मी त्यांना विनंती केली की दुसरा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवू. पाच हजार रुपये अभ्यासक्रम केला तरी गेलेले आहेत आणि न केला तरी गेलेले आहेत, त्यामुळे पुढच्या हिशेबात ते कोणत्याच बाजूला धरता येत नाहीत. हे त्यांना पटायला वेळ लागला. कष्टाच्या पैशाबद्दल कोणालाही तसा वेळ लागतोच.

कोणत्या दारावर हे प्रमाणपत्र मागतात

कमाईचा अंदाज बांधण्याआधी आम्ही एक साधे काम केले. माहितीपत्रकातील सहा क्षेत्रे वहीत लिहिली आणि प्रत्येकासमोर त्या पदाच्या जाहिरातीत प्रत्यक्ष कोणती अर्हता मागतात ते लिहिले. हे काम मुलीनेच केले, कारण सेतू केंद्रात भरतीचे अर्ज तीच भरून देत होती आणि जुन्या जाहिराती तिच्या संगणकावर होत्या.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरते. महिलांसाठी उंची 155 सेंटिमीटर लागते, वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 28 आणि मागास प्रवर्गांना 33 वर्षे आहे, मैदानी चाचणी 50 गुणांची असते आणि तीत किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. लेखी परीक्षा 100 गुणांची असून तीत गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी हे विषय असतात. या संपूर्ण प्रक्रियेत खासगी संस्थेच्या गुन्हे तपास प्रमाणपत्राला एकही गुण नाही. कारागृह शिपायाची अर्हताही बारावीच आहे, आणि दोन्ही पदांची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार 21,700 रुपयांच्या मूळ वेतनापासून सुरू होते. उपनिरीक्षक व्हायचे तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला पदवी लागते, आणि ती मुलीकडे आधीच होती.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या बाबतीत माहितीपत्रकाने एका खऱ्या गोष्टीचा आधार घेतला होता, म्हणून तेथे अधिक थांबावे लागले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 176 च्या तिसऱ्या पोटकलमाने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक केले असून राज्यांना ही व्यवस्था उभारण्यासाठी पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिला आहे. त्यामुळे अशा तज्ज्ञांची गरज वाढणार, हे संस्थेचे म्हणणे बरोबर होते. परंतु हे तज्ज्ञ विज्ञानाच्या पदवीधरांतून निवडले जातात. नागपूरलाच शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्था आहे आणि तिथला मार्ग विज्ञान शाखेतून जातो. कला शाखेच्या पदवीधराला अकरा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेचे दार उघडणार नव्हते. कायदा खरा, गरज खरी, आणि तरीही या मुलीसाठी ती वाट बंद, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती. मला सर्वांत जास्त राग याचाच आला.

गुप्तहेर व्यवसायाला परवाना देणारा कायदाच आपल्या देशात नाही. 2007 मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही. बँकांचे दक्षता विभाग आपलेच अनुभवी अधिकारी नेमतात, हे मी माझ्या नोकरीच्या काळात जवळून पाहिले आहे.

राहिली खासगी सुरक्षा. येथे नोकऱ्या खरोखर आहेत. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याखालील केंद्रीय आदर्श नियमांत सुरक्षा रक्षकाला किमान 100 तासांचे वर्गातील आणि 60 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किमान वीस कामाच्या दिवसांत, द्यावे असे सांगितले आहे. म्हणजे ज्या क्षेत्रात काम मिळण्याची खरी शक्यता होती, तेथे कायद्याला अपेक्षित असलेले प्रशिक्षण महिन्याभराचे होते आणि संस्था अकरा महिने व नव्वद हजार रुपये मागत होती.

जुन्या विद्यार्थ्यांचे फोन

माहितीपत्रकात अकरा यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती. मुलीने आठ दिवसांत त्यांपैकी सहा जणांना समाजमाध्यमांवरून शोधून काढले आणि प्रत्येकाशी बोलली. काय विचारायचे हे आम्ही आधी ठरवले होते: आज हातात किती पगार येतो, ती नोकरी संस्थेने लावून दिली का, आणि नोकरी देणाऱ्याने प्रमाणपत्र पाहायला मागितले का.

दोघे नागपुरात सीसीटीव्ही नियंत्रण कक्षात होते, एक रुग्णालयात आणि एक व्यापारी संकुलात. हातात बारा ते तेरा हजार येत होते. त्यांच्याच पाळीत हे प्रमाणपत्र नसलेली मुलेही तेवढ्याच पगारावर होती. एक जण कर्जवसुली करणाऱ्या संस्थेत पंधरा हजारांवर होता, पण पेट्रोलचा खर्च त्याला त्यातूनच करावा लागत होता. एक जण भंडारा जिल्ह्यातील आपल्या गावी परत गेला होता. एक मुलगा पोलीस शिपाई झाला होता आणि त्याचेच छायाचित्र माहितीपत्रकात सर्वांत मोठे होते. तो मात्र प्रामाणिकपणे म्हणाला की तीन वर्षे मैदानावर घाम गाळल्यामुळे त्याची निवड झाली आणि कागदपत्र पडताळणीत हे प्रमाणपत्र कोणी पाहिलेही नाही. सहावी एक वकील होती. ती म्हणाली की वर्गात शिकवलेले तिला उपयोगी पडले, घटनास्थळाचा पंचनामा कसा वाचावा आणि त्यातील चुका कशा शोधाव्यात हे तिला तेथे नीट समजले.

या वकील मुलीचे बोलणे मी महत्त्वाचे मानतो. अभ्यासक्रमात शिकण्यासारखे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्याकडे कायद्याची पदवी आहे किंवा जो आधीच नोकरीत आहे, त्याच्या हातातील कामाला अशा ज्ञानाने धार येते. ज्याच्याकडे अजून कामच नाही त्याला मात्र हे ज्ञान काम मिळवून देत नाही. सहा जण म्हणजे काही मोठी पाहणी नव्हे, परंतु हे सहाही जण संस्थेने स्वतः यशस्वी म्हणून छापलेले होते. त्यांच्यात पंचवीस हजारांवर पोहोचलेला एकटा शिपाई निघाला आणि त्याच्या निवडीशी प्रमाणपत्राचा संबंध नव्हता, हे पुरेसे बोलके होते.

हप्ता आणि हंगाम

कर्जासाठी वडील आधी राष्ट्रीयीकृत बँकेत गेले होते. तेथे त्यांना नकार मिळाला आणि बँक गरिबाला उभे करत नाही असे वाटून ते दुखावले होते. नकाराचे कारण त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही, आणि अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पण त्यासाठी अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोग, सरकार किंवा तत्सम नियामक संस्थेची मान्यता असावी लागते. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी वेगळी कर्ज योजना आहे आणि तिची मर्यादा जुलै 2024 मध्ये दीड लाखांवरून साडेसात लाखांवर नेण्यात आली, परंतु तेथेही अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत बसणारा असावा लागतो. मुलीने संस्थेला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा आमची संस्था स्वायत्त आहे एवढेच उत्तर आले. बँकेचा तो नकार म्हणजे या कुटुंबाला फुकट मिळालेला सल्ला होता. बँकेने तो दोन वाक्यांत समजावला असता, तर बाप अपमान घेऊन घरी गेला नसता.

संस्थेनेच मग एका वित्त कंपनीचा माणूस गाठून दिला. नोंदणीचे पाच हजार, आणखी रोख पाच हजार आणि उरलेल्या ऐंशी हजारांचे कर्ज, अशी मांडणी झाली. चोवीस हप्ते, प्रत्येक 4,300 रुपयांचा, आणि वर दोन हजार रुपये प्रक्रिया शुल्क. व्याज साडेचौदा टक्के, असे तोंडी सांगण्यात आले. हे साडेचौदा टक्के दोन्ही वर्षे पूर्ण ऐंशी हजारांवर धरलेले होते: 80,000 चे वर्षाला 11,600, दोन वर्षांचे 23,200, एकूण 1,03,200, भागिले 24 म्हणजे 4,300. प्रत्यक्षात दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते आणि दुसऱ्या वर्षाचा बहुतेक काळ कर्जदाराकडे निम्म्याहून कमी रक्कम उरलेली असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला 25 टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्क धरून खरा वार्षिक दर लिहावा लागतो, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि विचारासाठी किमान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात. आम्ही ते विवरण मागितले. त्या माणसाने नंतर पाठवतो म्हटले आणि अंगठ्याच्या यंत्रावर लगेच आधारची खातरजमा करू म्हणून आग्रह धरला. त्या आग्रहाने माझा निर्णय जवळजवळ पक्का केला.

आता हप्ता भरायचा कशातून, याचा वडिलांनी विचार केलेला होता, आणि तो वरवर पाहता चुकीचाही नव्हता. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे आईचे दीड हजार आणि मुलीचे दीड हजार असे तीन हजार घरात येत होते. वर तेराशे टाकले की हप्ता निघतो, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. अडचण अशी होती की हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जाणार होता आणि योजनेचे पैसे येण्याची तारीख ठरलेली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरचे पैसे ऑक्टोबरातच येऊन गेले होते. खात्यात शिल्लक नसली की वित्त कंपनीचा दंड आणि बँकेचा दंड असे दोन्ही लागतात. शिवाय हे तीन हजार घरात पडून राहणारे नव्हते. किराणा आणि धाकट्या भावाच्या शाळेचा खर्च त्यातूनच जात होता.

त्याहून मोठी गोष्ट हंगामाची होती. पाच एकर कोरडवाहू जमीन, चार एकरांत कपाशी, एका एकरात तूर. बरे वर्ष असेल तर वीस क्विंटल कापूस आणि चार क्विंटल तूर. सात हजारांच्या भावाने धरले तर 1,68,000 रुपये हातात येतात आणि बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी व वेचणीचा खर्च एकरी बावीस हजार धरून 1,10,000 जातात, उरतात 58,000. हे अठ्ठावन्न हजार दिवाळी ते उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, या तीन-चार महिन्यांत येतात. जून ते सप्टेंबर या काळात घरात येणे काहीच नसते आणि जाणे सर्वांत जास्त असते. चोवीस हप्त्यांपैकी आठ हप्ते अशा दोन पावसाळ्यांतील महिन्यांत पडत होते, म्हणजे 34,400 रुपये दुसरीकडून उसने काढावे लागणार होते. आई गावातल्या बचत गटाची सभासद होती आणि तिच्या नावावर सूक्ष्म वित्ताचे एक कर्ज आधीच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार अशा कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांपुढे जाऊ नयेत. पण मासिक उत्पन्न म्हणजे वर्षाचे भागिले बारा असेच धरले जाते, आणि आमच्याकडच्या घरात आषाढाचा महिना त्या बाराव्या हिश्श्यावर चालत नाही.

कर्जाचा एक खर्च कोणत्याच कागदावर येत नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता, पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल वाळवून न्यावा लागतो, बारा टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो आणि नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. ज्याच्या डोक्यावर पाच तारीख असते तो थांबू शकत नाही. तो खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, दारातच माप घालतो. क्विंटलमागे चारशे रुपयांचा फरक धरला तरी वीस क्विंटलवर आठ हजार रुपये जातात. सोसायटीच्या पीककर्जाचेही तसेच आहे. ते मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज पडते. हप्त्यासाठी ते थकवले तर फुकटचे कर्ज महाग होते आणि पुढच्या पेरणीला नवे मिळत नाही.

वहीतील बेरीज

तिसऱ्या बैठकीत मुलीने स्वतः बेरीज मांडली. रोख दहा हजार, हप्त्यांचे 1,03,200, प्रक्रिया शुल्क दोन हजार. नागपुरात खोली दोन हजार, खानावळ तीन हजार आणि किरकोळ दीड हजार असे महिन्याला साडेसहा हजार, अकरा महिन्यांचे 71,500. आणि सेतू केंद्राचे काम सोडल्यामुळे बुडणारे 66,000. एकूण 2,52,700. मग ती म्हणाली, "काका, मी घरी राहिली तरी जेवतेच ना, ते वजा करा." तिचे म्हणणे बरोबर होते. घरचा तिचा खर्च महिन्याला दीड हजार धरून 16,500 वजा केले, 2,36,200 उरले. आधीच गेलेले पाच हजार काढले, तेव्हा निर्णयासाठी धरायची रक्कम 2,31,200 रुपये ठरली. माहितीपत्रकावर नव्वद हजार लिहिले होते.

कमाईच्या बाजूला आम्ही पूर्ण पगार धरला नाही. प्रमाणपत्राने वाढणारा फरक तेवढा धरला. नियंत्रण कक्षातील तेरा हजारांतून नागपूरचे साडेसहा हजार गेले की साडेसहा हजार उरतात. गावी राहून सहा हजारांतून दीड हजार गेले की साडेचार हजार उरतात. फरक दोन हजारांचा, आणि त्या फरकाने 2,31,200 रुपये भरून निघायला साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. पगार वीस हजार झाला तर फरक नऊ हजारांचा होतो आणि साधारण सव्वीस महिने लागतात. माहितीपत्रकातील पंचवीस हजार खरे निघाले तर फरक चौदा हजारांचा आणि सतरा महिन्यांत सर्व वसूल. म्हणजे संस्थेचा आकडा खरा असता तर मीच त्यांना कर्ज काढा असे सांगितले असते, हे मी वडिलांना स्पष्ट बोललो. पण तो आकडा खरा असल्याचा पुरावा सहा फोनांत मिळाला नव्हता. त्यातही तेरा हजारांची नोकरी प्रमाणपत्राशिवाय मिळत असल्यामुळे तो दोन हजारांचा फरकसुद्धा प्रमाणपत्राच्या नावावर टाकणे म्हणजे संस्थेला सवलत देणे होते.

वडिलांनी बराच वेळ वही पाहिली. नंतर त्यांनी विचारले की मग पोरीने गावातच राहायचे का. हा प्रश्न मला टाळता आला नसता, कारण कर्ज नको म्हणणे सोपे असते आणि त्याजागी काय, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला अर्धाच राहतो.

कुटुंब इतर मागासवर्गातील होते. या प्रवर्गासाठी नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती ही राज्य शासनाची संस्था पोलीस भरतीचे पूर्वप्रशिक्षण विनाशुल्क देते. पोलीस भरतीत महिलांसाठी तीस टक्के आणि किमान तीन वर्षे सेवा झालेल्या होमगार्डसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असते. मुलीच्या वयाला अकरा वर्षांची मुदत शिल्लक होती. तरीही भरतीचे चित्र गोड करून सांगणे मला योग्य वाटले नाही: 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी सुमारे 17 लाख 76 हजार अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभराहून अधिक. म्हणून तिच्यासमोर दुसरी वाटही ठेवली. पदवी असल्यामुळे ती सामाईक प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांच्या विधी पदवीला जाऊ शकत होती, आणि विधी महाविद्यालय यवतमाळलाच आहे. ती पदवी सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) होण्यापासून तालुका न्यायालयातील वकिलीपर्यंतची दारे उघडते आणि तिला वयाची भरतीसारखी आडकाठी नाही. फौजदारी न्याय हाच विषय शिकायचा असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा फौजदारी न्यायातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम काम न सोडता, घरी राहून करता येतो. मुलीला यातील विधी पदवीची वाट सर्वांत आवडली. त्या वकील मुलीशी झालेले बोलणे तिच्या मनात राहिले होते.

कर्जाचा अर्ज मागे घेतला. नोंदणीचे पैसे परत मागण्यासाठी तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध ठरले होते, त्याचा उल्लेख पत्रात केला आणि सोबत माहितीपत्रकाची प्रत जोडली. दोन आठवडे उत्तर आले नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. जानेवारीत तीन हजार रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्या दोन हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता आले असते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क लागत नाही. पण यवतमाळच्या फेऱ्यांत सेतू केंद्राची रोजी बुडाली असती, म्हणून तिने ते सोडले.

कापूस फेब्रुवारीपर्यंत घरात ठेवला आणि केंद्रावर दिला. पीककर्ज मुदतीत फेडून नवे घेतले. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोलीस दलातील सुमारे पंधरा हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिल्याची बातमी तिनेच मला फोन करून सांगितली. ती पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावते, धाकटा भाऊ सायकलवर घड्याळ लावून सोबत असतो. 800 मीटरला महिलांना पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटे 50 सेकंद लागतात. मागच्या आठवड्यात तिचा वेळ 3 मिनिटे 20 सेकंद आला होता, आणि विधी प्रवेश परीक्षेचे पुस्तक तिने माझ्या अभ्यासिकेतून त्याच दिवशी नेले.